फ्लॅटवर्म एक्झिट, वर्म ट्रॅप आणि कोरल डिप: खाऱ्या टाकीतल्या किड्यांवर कशाचा उपयोग, कशाचा नाही

सॅलिफर्ट या डच कंपनीची फ्लॅटवर्म एक्झिट ही १० मिलीची लहानशी बाटली आहे. रीफ टाकीत, म्हणजे जिवंत कोरलच्या खाऱ्या टाकीत, काचेवर, वाळूवर आणि कोरलच्या बुडाशी गंजाच्या डागांसारखे पसरणारे लाल-तपकिरी फ्लॅटवर्म (चपटे किडे) मारणं, एवढ्या एकाच कामासाठी ती बनवलेली आहे आणि ते काम ती चोख करते. तरीही ही बाटली वापरून टाक्या बसल्याच्या, म्हणजे आतले मासे-कोरल मेल्याच्या, तक्रारी सतत ऐकू येतात. त्यातल्या बहुतेकांचं मूळ दोन गोष्टींत सापडतं: एक तर किडा भलताच होता, नाहीतर किडा बरोबर ओळखला होता पण तो हजारोंनी मरू दिला. म्हणून या परीक्षणात बाटलीइतकीच जागा किडा ओळखण्याला दिली आहे, आणि जे किडे या औषधाचे नाहीत त्यांच्यासाठीचे सापळे, डिप (कोरल औषधाच्या पाण्यात थोडा वेळ बुडवणं) आणि मासेही तपासले आहेत.

ठाणे-नवी मुंबईत हा विषय वरचेवर निघतो, कारण इथे फ्रॅग, म्हणजे कोरलचे तोडून लावलेले तुकडे, हातोहात फिरतात. घोडबंदर रोडवरच्या टाकीतला झोअँथिड कोरलचा तुकडा आठवडाभरात नेरूळला पोचतो आणि महिन्याभराने खारघरला. फ्रॅग ज्यावर चिकटवतात त्या प्लगच्या खालच्या बाजूला काय बसलंय हे क्वचितच कोणी बघतं.

किडा कोणता, हे आधी

लाल फ्लॅटवर्म म्हणजे कॉन्व्होल्युट्रिलोबा. लांबी दोन ते सहा मिलिमीटर, रंग गंजट तपकिरी ते विटकरी, अंग कागदासारखं चपटं आणि शेपटीच्या टोकाला छोटी टोकं. त्यांच्या अंगात शैवाल राहतं, त्यामुळे त्यांना उजेड लागतो. दिवे लागल्यावर दोन-तीन तासांनी ते सगळ्यात जास्त दिसतात आणि रात्री दिसेनासे होतात. प्रवाह मंद असेल तिथे त्यांची दाटी होते: मागच्या काचेचा कोपरा, ओव्हरफ्लोच्या (पाणी खाली जाण्याच्या कप्प्याच्या) दाताआड, वाळूचा सखल भाग. ते कोरल कुरतडत नाहीत. कोरलवर थर साचला की त्याचा उजेड अडतो आणि मग कोरल आक्रसतं. कोपेपॉडसारखे बारीक जीवही ते खातात, म्हणून मँडरिन मासा पाळणाऱ्याच्या टाकीत तेवढंच अन्न कमी होतं.

डायटम (सूक्ष्म शैवाल) किंवा सायनोचा (सायनोबॅक्टेरियाचा) तपकिरी थर लांबून असाच दिसतो. टर्की बास्टर (रबरी फुग्याची लांब पिचकारी) घेऊन त्या जागी हलका फुगारा मारा. सायनो असेल तर पापुद्र्यासारखे तुकडे सुटतात, डायटम असेल तर धूर उडतो, फ्लॅटवर्म असतील तर एकेक चकती सुटी होऊन तरंगते आणि खाली बसताच घसरत चालू लागते. दोन-चार चकत्या बास्टरने ओढून पांढऱ्या वाटीत टाका आणि मोबाइलच्या मॅक्रो लेन्सने बघा. शेपटीची टोकं दिसली की ओळख पटली. बास्टर आणि वाटी या जोडीला शंभर-दोनशे रुपयांपेक्षा जास्त पडत नाहीत, आणि या परीक्षणातली सगळ्यात उपयोगी खरेदी हीच आहे.

आता ज्यांच्यासाठी ही बाटली नाही ते.

अ‍ॅक्रोपोरा खाणारा फ्लॅटवर्म पूर्ण वेगळा प्राणी आहे. तो जवळजवळ पारदर्शक असतो, कोरलचाच रंग घेतो आणि जिवंत फांदीवर चिकटून राहतो. तो डोळ्यांना दिसत नाही, त्याचा चावा दिसतो: फांदीवर फिकट गोल-गोल ठिपके, रंग उतरलेला बुंधा, आणि मांस गेलेल्या भागाच्या कडेला तांबूस अंड्यांचे चट्टे. टाकीत औषध घालून तो जाईल या भरवशावर राहू नये. त्याची अंडी कोणत्याही डिपला दाद देत नाहीत.

वामिनोआ हे चपटे, गोलसर, तपकिरी किडे मश्रूम, युफिलिया आणि लेदर कोरलच्या अंगावर चिकटून बसतात. लाल फ्लॅटवर्मचेच नातेवाईक, पण ते काचेवर फिरायला येत नाहीत, कोरल सोडत नाहीत. फ्रॅग बाहेर काढून डिप करणं हा त्यांचा सरळ उपाय.

पॉलिक्लॅड हे मोठे, पानासारखे, एक ते पाच सेंटिमीटरचे, रात्री फिरणारे. टर्बो गोगलगाय किंवा क्लॅम रिकामी शिंपली होऊन पडायला लागली की यांचा संशय घ्यावा. हे एकेकटे असतात. रात्री टॉर्च घेऊन हातानेच काढायचे, एका किड्यासाठी टाकीभर औषध ओतायचं नाही.

काचेवर दिसणारे सुईच्या टोकाएवढे पांढरे ठिपके उड्या मारत असतील तर ते कोपेपॉड आहेत. टाकी निरोगी असल्याची ती खूण आहे. स्किमरच्या (फेसातून घाण काढणाऱ्या यंत्राच्या) पाइपवरच्या पांढऱ्या, गोगलगायीसारख्या बारीक गुंडाळ्या म्हणजे स्पायरॉर्बिस, खडकातून बाहेर पडणारे लांब पारदर्शक धागे म्हणजे स्पॅघेटी वर्म, आणि पिसाऱ्याचा पंखा उघडणारे फेदर डस्टर. तिन्ही निरुपद्रवी. काचेच्या कडेने वाळूत राखाडी-तपकिरी, सोंड आत-बाहेर करणारा गुळगुळीत शेंगदाण्याच्या आकाराचा पीनट वर्म दिसला तर त्यालाही हात लावू नका.

व्हर्मेटिड मात्र किडा नसून गोगलगाय आहे, आणि तो त्रास देतो. खडकाला चिकटलेली टणक नळी आणि तिच्या तोंडातून सुटणारं चिकट जाळं हे त्याचं रूप. जाळं कोरलला लागलं की पॉलिप मिटलेले राहतात. यावर कोणतंही वर्म औषध चालत नाही. नळी चिमट्याने मोडा आणि उरलेल्या तोंडावर सायनोअ‍ॅक्रिलेट जेल ग्लूचा थेंब दाबून बसवा. नुसती नळी मोडली तर प्राणी आत शाबूत राहतो आणि नळी पुन्हा बांधतो.

बाटली वापरताना

या औषधाबद्दलची मुख्य गोष्ट अशी की कोरल आणि माशांना धोका औषधापेक्षा मेलेल्या किड्यांचा जास्त आहे. फ्लॅटवर्मच्या अंगात विषारी द्रव असतो आणि तो मरताना पाण्यात सुटतो. पन्नास किडे मेले तर टाकीला कळतही नाही. पाच हजार एकदम मेले तर तासाभरात मासे पृष्ठभागावर येऊन धापा टाकू लागतात. मेल्यानंतर ते कुजतात आणि अमोनियाही वाढतो. सूचनापत्रकातही आधी जमतील तितके किडे ओढून काढा असंच लिहिलेलं आहे. बहुतेक जण नेमकी तीच ओळ सोडून देतात.

म्हणून पहिले आठ-दहा दिवस औषधाचे नाहीत, नळीचे आहेत. एअर पंपाची ४ ते ६ मिलिमीटरची लवचीक नळी घ्या. तिच्या टोकाला कडक प्लास्टिकची नळी जोडली तर हात स्थिर राहतो. दुसरं टोक खाली बादलीत सोडा आणि एक दिवसाआड, दिवे पूर्ण उजेडात असताना, किडे ओढून घ्या. जाड नळी वापरली तर किड्यांबरोबर दहा-वीस लिटर पाणी पाच मिनिटांत जातं. बारीक नळीने तेवढ्याच वेळात थोडक्या पाण्यात काम भागतं आणि गेलेलं पाणी नेहमीच्या पाणी बदलात धरता येतं. पाणी फिल्टर सॉकमधून (कापडी गाळणीतून) गाळून परत टाकीत घालण्याचा मोह होतो, तो टाळावा. सॉकमध्ये दाबले गेलेले किडे फुटतात आणि त्यांचं विष गाळलेल्या पाण्यातून परत टाकीतच जातं.

काचेवर मार्करने १० बाय १० सेंटिमीटरचा चौकोन आखा आणि रोज एकाच वेळी त्यातले किडे मोजा. आकडा पंधरा-वीसच्या खाली येईपर्यंत बाटलीचं सील उघडू नका. मोजण्याचा दुसरा फायदा नंतर होतो: औषध लागू पडलं का, हे अंदाजावर ठेवावं लागत नाही.

डोसमध्ये चूक बहुतेक वेळा पाण्याच्या मापात होते. लेबलवर १० मिलीची बाटली सुमारे ३०० लिटर पाण्यासाठी सांगितली आहे आणि थेंबांचा हिशोब दिला आहे. तो हिशोब टाकीत प्रत्यक्ष असलेल्या पाण्याचा आहे. इथे सर्रास आढळणारी १२० बाय ४५ बाय ५० सेंटिमीटरची टाकी घ्या. बाहेरच्या मापाने ती २७० लिटरची, खालचा ७५ बाय ४० बाय ३० चा सम्प (फिल्टरची टाकी) ९० लिटरचा, म्हणजे कागदावर ३६० लिटर. आता आतून मोजा. काचेची जाडी वजा करून ११८ बाय ४३, पाण्याची उंची ४५, म्हणजे २२८ लिटर. पाच सेंटिमीटर वाळूचा घन भाग सुमारे १५ लिटर, २५ किलो खडकाने व्यापलेली जागा साधारण १० लिटर, ते वजा. सम्पमध्ये पाणी २० सेंटिमीटरवर चालतं, म्हणजे ६० लिटर. बेरीज होते सुमारे २६० लिटर. कागदावरच्या आकड्याने थेंब टाकले तर डोस जवळजवळ चाळीस टक्क्यांनी चढतो. उलट चूकही तितकीच महागात पडते. सम्प धरायचा राहिला तर डोस कमी पडतो आणि अर्धमेले किडे चार दिवसांत सावरतात.

औषधाच्या दिवशीची तयारी आदल्या रात्रीच पूर्ण हवी. २६० लिटरच्या टाकीला ३० टक्के पाणी बदल म्हणजे जवळपास ८० लिटर. त्याला मीठ साधारण ३ किलो, रिफ्रॅक्टोमीटरवर (खारेपणा मोजायच्या उपकरणावर) ३५ पीपीटी किंवा विशिष्ट गुरुत्व १.०२५ ते १.०२६. ७५ जीपीडी (दिवसाला ७५ गॅलन) मेम्ब्रेनचं आरओडीआय, म्हणजे पाणी शुद्ध करायचं यंत्र, कागदोपत्री तासाला १२ लिटरच्या आसपास पाणी देतं. घरच्या नळाच्या दाबावर ते आणखी कमी येतं, म्हणजे ८० लिटरला सात-आठ तास सहज लागतात. पावसाळ्यात पाणी गढूळ येतं तेव्हा सेडिमेंट फिल्टर लवकर तुंबतो आणि वेळ वाढतो. डीआय या शेवटच्या टप्प्यानंतरचा टीडीएस (विरघळलेले क्षार) शून्य आहे याची खात्री करा. महापालिकेने पाणीकपात जाहीर केली असेल तर पाणी दोन दिवस आधीच साठवा. एप्रिल-मेमध्ये बाल्कनीत ठेवलेल्या ड्रममधलं खारं पाणी ३१-३२ अंशांवर असतं आणि टाकी २६ वर. किड्यांच्या विषाने आधीच बिथरलेल्या माशांवर असं पाणी ओतणं घातक. ड्रम रात्रभर एसीच्या खोलीत ठेवावा आणि आत एक पॉवरहेड (पाणी फिरवणारा छोटा पंप) फिरता ठेवावा.

कार्बन (विष शोषणारा सक्रिय कोळसा) २५० ते ३०० ग्रॅम, ताजा, आरओडीआय पाण्यात काळं पाणी जाईपर्यंत धुतलेला, मीडिया बॅगमध्ये भरून तयार ठेवायचा. बॅटरीवर चालणारा एअर पंप हवाच. महावितरणचा देखभालीसाठी वीज बंद राहण्याचा मेसेज आला असेल तर त्या दिवशी औषध घालूच नका. २५ अंशांच्या समुद्राच्या पाण्यात ऑक्सिजन जास्तीत जास्त पावणेसात मिलिग्रॅम प्रति लिटर राहतो आणि ३० अंशांवर तो आणखी घटतो. चिलर आणि वेव्हमेकर (प्रवाह देणारा पंप) एकाच वेळी बंद पडले आणि पाण्यात किडे मरत असतील तर टाकी वाचवायला अर्धा तासही मिळत नाही.

सकाळी दिवे लागून किडे बाहेर आल्यावर सुरुवात करा, म्हणजे अख्खा दिवस हाताशी राहतो. जुना कार्बन काढा, यूव्ही दिवा बंद करा, स्किमर बंद करा किंवा कप काढून नुसता हवेसाठी चालू ठेवा. एअर स्टोन सुरू, वेव्हमेकर जोरात. थेंब टाकीतल्याच पाण्याच्या मगभर भागात मिसळून जोराच्या प्रवाहात हळूहळू ओता, एका कोपऱ्यात नाही. पंधरा-वीस मिनिटांत किडे आकसू लागतात, गुंडाळतात आणि काच सोडून पाण्यात तरंगतात. इथून पुढे हातात नळी हवी. जो तरंगतोय तो खडकात शिरण्याआधी बाहेर काढायचा. मागच्या बाजूला आणि खडकांच्या खाचांत बास्टरने फुगारे मारून अडकलेले किडेही मोकळे करा. एका माणसाने बास्टर आणि दुसऱ्याने नळी धरली तर हे काम निम्म्या वेळात होतं.

पाऊण ते एक तासाने तयार पाण्याने ३० टक्के बदल करा. जुनं पाणी काढताना नळी तळावरून फिरवा म्हणजे मेलेले किडेही त्याबरोबर जातील. लगेच कार्बन लावा आणि निदान दोन दिवस ठेवा. स्किमर सुरू केल्यावर तो फेसाने ओसंडतो, म्हणून कपची नळी बादलीत सोडून ठेवा. दुसऱ्या दिवशी अमोनिया तपासा.

मासे भराभर कल्ले हलवू लागले, गोबी मासे वाळू सोडून वर आले, किंवा कोरल एकदम मिटून चिकट स्राव सोडू लागले तर तासाची वाट बघायची नाही. कार्बन ताबडतोब आत, पाणी बदल ताबडतोब सुरू. किडे काही उरतील, ते पुढच्या वेळी जातील.

तासाभरात किड्यांवर काहीच परिणाम दिसला नाही तर आधी मापाचा हिशोब पुन्हा तपासा, मग यूव्ही किंवा एखादी विसरलेली कार्बनची पिशवी सम्पमध्ये चालू राहिली आहे का ते बघा. बहुतेक वेळा कारण तिथेच सापडतं. डोस वाढवायचाच असेल तर लेबलच्या मर्यादेतच वाढवा.

पहिल्या डोसने सगळे किडे गेले असं दिसलं तरी सात दिवसांनी दुसरा डोस द्यावा. खडकाच्या आत, ओव्हरफ्लोमध्ये, पाइपच्या कोपरात थोडे वाचतात, आणि हे किडे अंगापासून पिल्लं वेगळी करून वाढतात, त्यामुळे दोन-चार उरले तरी महिन्यात काच पुन्हा लाल दिसते. ३०० लिटरच्या आसपासच्या टाकीला एक बाटली एकदाच पुरते, म्हणून सुरुवातीलाच दोन घ्या. पहिला डोस दिल्यावर दुसरी बाटली शोधत बसलात आणि ती तीन आठवड्यांनी मिळाली तर पहिला डोस वाया गेला.

आणि किडे का वाढले, हेही बघा. भरपूर उजेड, जास्त खाणं आणि मंद प्रवाह एकत्र आले की फ्लॅटवर्मची चंगळ होते. नायट्रेट चढलेलं असेल, मागच्या काचेजवळ पाणी उभं राहत असेल, तर औषधानंतरही तीच परिस्थिती नव्या फ्रॅगवरून आलेल्या एका किड्याची वाट बघत असते. एक वेव्हमेकर मागच्या बाजूला वळवणं आणि फ्रोझन खाण्याचं पाणी गाळून टाकणं, एवढ्याने बराच फरक पडतो.

माशांवर सोपवावं का

सिक्सलाइन रॅस, यलो कोरिस आणि मेलानुरस रॅस हे तिन्ही फ्लॅटवर्म खातात असं दुकानात सांगितलं जातं. खातात, पण प्रत्येक मासा खात नाही, आणि हजारोंची वस्ती कोणताच मासा संपवत नाही. औषधानंतर उरलेले टिपायला मात्र हे चांगले. त्यातही आमची पसंती यलो कोरिसला. तो स्वभावाने शांत आहे. त्याला रात्री गाडून घ्यायला निदान पाच सेंटिमीटर बारीक वाळू लागते आणि टाकीला जाळीचं झाकण लागतं, कारण तो उडी मारतो. सिक्सलाइन लहान टाकीत मोठा झाला की नंतर आलेल्या प्रत्येक माशाला छळतो, म्हणून तो सगळ्यात शेवटी टाकायचा. निळ्या रेघांची व्हेल्वेट न्युडिब्रँक ही समुद्री गोगलगाय फक्त असेच फ्लॅटवर्म खाते. ते संपले की ती उपाशी मरते, त्याआधी पॉवरहेडमध्ये ओढली जाण्याचीही शक्यता असते. ती विकत घेऊ नये.

ब्रिसल वर्म आणि त्यांचा सापळा

रात्री टॉर्च मारल्यावर खडकातून सरकत येणारे गुलाबी-राखाडी, कडेने पांढऱ्या केसांचे ब्रिसल वर्म बघून नवशिके घाबरतात आणि पहिला प्रश्न औषधाचा विचारतात. बहुतेक ब्रिसल वर्म टाकीचे सफाई कामगार आहेत. माशाचा मृतदेह सकाळी त्यांनी वेढलेला दिसतो, पण मासा त्यांनी मारलेला नसतो. ते उरलेलं खाणं आणि कुजणारं मांस खातात, खडकाच्या अशा खाचांत शिरून खातात जिथे दुसरं काही पोचत नाही. त्यांची संख्या वाढली याचा सरळ अर्थ खाणं जास्त पडतंय. कोरल खाणारा मोठा फायरवर्म हर्मोडिस हा अटलांटिक आणि भूमध्य समुद्रातला. पांढरे दाट झुपके आणि त्यांच्या मुळाशी लाल कल्ले ही त्याची खूण. इथल्या टाक्यांत दिसणारे बहुतेक त्यातले नसतात.

संख्या कमी करायचीच तर ट्रॅप ठीक आहे. बाजारात मिळणाऱ्या पारदर्शक नळीच्या ट्रॅपमध्ये वेगळं असं काही नाही. २० मिलिमीटरच्या पीव्हीसी पाइपचा बारा सेंटिमीटर तुकडा, दोन्ही बाजूंना कॅप आणि कॅपमध्ये ४ मिलिमीटरचं भोक, एवढ्यावर तेच काम होतं. आत साध्या पाण्यात धुतलेल्या ताज्या कोळंबीचा करंगळीच्या नखाएवढा तुकडा. मीठ लावलेली किंवा मसाल्याची नको. दिवे गेल्यावर तासाभराने खडकाच्या पायथ्याशी ठेवा आणि दिवे लागण्याआधी काढा. दोन दिवस तसाच राहिला तर आमिष सडतं आणि ज्या घाणीसाठी किडे काढायचे तीच टाकीत भरते. ट्रॅपने दोन ते सहा सेंटिमीटरचे किडे येतात, मोठे येत नाहीत.

हात नेहमी जाड नायट्राइल ग्लोव्हमध्ये. केस टोचले तर चोळू नका. चिकटपट्टी लावून ओढून काढा, मग व्हिनेगर लावा. सूज वाढली किंवा अंगावर पुरळ आलं तर डॉक्टरकडे जा.

अ‍ॅरो क्रॅब ब्रिसल वर्म खातो, पण फेदर डस्टर आणि झोपलेले छोटे मासेही सोडत नाही. कोरल बँडेड श्रिंपचीही तीच गत. रीफसाठी दोन्हीची शिफारस नाही.

काढायलाच हवा असा किडा म्हणजे युनिसिड, बॉबिट वर्मच्या घराण्यातला. डोक्यावर पाच शिंगं, अंगावर इंद्रधनुषी चमक, हालचाल झटक्याची. सॉफ्ट कोरलचे कापलेले तुकडे, रातोरात नाहीसे होणारे गोगलगायी आणि छोटे मासे ही लक्षणं. इंग्लंडमधल्या न्यूके इथल्या ब्ल्यू रीफ अ‍ॅक्वेरियममध्ये २००९ साली अशी चार फुटांची अळी सापडली होती, तीही कोरल उद्ध्वस्त होत राहिल्यावर अख्खी मांडणी उलगडून. इतक्या मोठ्या टाकीत ती इतकी वाढेपर्यंत दिसली नाही, यावरून ती किती लपून राहते ते लक्षात घ्या. घरच्या टाकीत किडा ज्या बिळात दिसतो तो खडकच बाहेर काढून वेगळ्या बादलीत ठेवायचा आणि बिळात सिरिंजने सोडा वॉटर सोडायचं. किडा बाहेर येतो. अर्धा तुटला आणि डोक्याचा भाग आत राहिला तर तो पुन्हा वाढतो, त्यामुळे ओढाताण करू नये.

कितीही वैताग आला तरी किडे मारायला खडक उकळू नका. खडकावर झोअँथिड किंवा पॅलिथोआ असले तर वाफेतून पॅलिटॉक्सिन हे जहाल विष घरात पसरतं आणि घरची माणसं रुग्णालयात जाऊ शकतात.

डिप

फ्रॅग आणल्याबरोबर डिप करणं हे टाकीत औषध घालण्यापेक्षा कितीतरी स्वस्त आणि सुरक्षित आहे. तीन छोटे डबे लागतात: एकात टाकीचं पाणी आणि डिप, पुढच्या दोनांत नुसतं टाकीचं पाणी. औषधाचं प्रमाण आणि वेळ लेबलप्रमाणे. डिपमध्ये असताना बास्टरने फ्रॅगच्या सगळ्या बाजूंना जोरात फुगारे मारले तरच किडे पडतात. नुसतं बुडवून ठेवलं तर निम्मे चिकटून राहतात. डब्याचा तळ पांढरा असला की काय पडलं ते दिसतं. डिपचं पाणी कधीही टाकीत जाऊ द्यायचं नाही.

फ्रॅग प्लग शक्य तिथे बदलाच. अंडी बहुतेक वेळा प्लगवर किंवा मेलेल्या बुडावर असतात, आणि डिप अंड्यांना मारत नाही. अ‍ॅक्रोपोराच्या फ्रॅगचा रिकामा बुंधा कटरने कापून टाका, वेगळ्या टाकीत ठेवा आणि दर आठवड्याला एकदा असे निदान सहा डिप करा. अंडी फुटायला तापमानाप्रमाणे साधारण दीड ते तीन आठवडे लागतात. एका डिपने मोठे किडे मरतात, पिल्लं नंतर निघतात, म्हणून मध्येच थांबलं की सगळं पुन्हा पहिल्यापासून.

जनावरांच्या जंताच्या औषधाबद्दल

फेन्बेंडॅझोल किंवा लेव्हामिसोल स्वस्तात मिळतं म्हणून रीफ टाकीत घालण्याचा सल्ला अधूनमधून फिरतो. फेन्बेंडॅझोल खडकात मुरतं आणि पुढे बराच काळ गोगलगायी आणि फेदर डस्टर मारत राहतं. प्राझिक्वांटेल माशांच्या कल्ल्यांवरच्या फ्लूक या परजीवी किड्यांसाठी उत्तम आहे, पण ते क्वारंटाइन टाकीतलं औषध. रीफमध्ये घातलं तर नळीतले निरुपद्रवी किडेही जातात आणि त्यांच्या सडण्याने अमोनिया वाढतो.

घ्यायची की नाही

लाल फ्लॅटवर्मची ओळख पटली असेल, आठ-दहा दिवस नळीने ओढायची तयारी असेल आणि ८० लिटर खारं पाणी आधीपासून तयार ठेवता येत असेल तर दोन बाटल्या घ्या, पैसे वसूल होतात. घेताना सील शाबूत आहे का, तारीख उलटली नाही ना, हे बघा. आयातीचा माल गोदामात किती दिवस पडून होता ते वरून कळत नाही. ब्रिसल वर्म, व्हर्मेटिड, अ‍ॅक्रोपोराचा किडा किंवा पॉलिक्लॅड यांच्यासाठी घेत असाल तर घेऊ नका. त्यांच्यावर वर सांगितलेले उपाय आहेत आणि ते स्वस्त आहेत. काचेवर पाच-सात किडेच दिसत असतील तर महिनाभर आठवड्यातून दोनदा नळी फिरवा, चौकोनातला आकडा लिहून ठेवा. आकडा चढतच राहिला तरच बाटली मागवा.